डुकराला भूल: चाळीस किलोचं एक डुक्कर आणि चार बाटल्या

कॉलेजात भूलशास्त्र शिकताना कुत्रा झाला, गाय झाली, घोडाही झाला. डुक्कर राहून गेलं. त्यामुळे नोकरीत पहिल्यांदा डुक्कर समोर आलं तेव्हा माझ्या डोक्यात गायीचा डोस होता. त्या हिशोबाने झायलाझिन हे गुंगीचं औषध टोचलं आणि वाट बघत बसलो. डुकराने माझ्याकडे एकदा पाहिलं, कान हलवला आणि ते पुढच्या कोपऱ्यात जाऊन माती उकरायला लागलं. गायीला ०.०५ ते ०.१ मि.ग्रॅ. प्रति किलो पुरतं. डुकराला त्याच औषधाचे २ मि.ग्रॅ. प्रति किलो लागतात, म्हणजे निदान वीसपट. त्या दिवशी शस्त्रक्रिया झाली नाही. मालकाने चहा मात्र पाजला.

हा लेख नव्याने नोंदणी झालेल्या पशुवैद्यकांसाठी आणि इंटर्नशिप करणाऱ्यांसाठी आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार हे काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच आहे. वराहपालकांनी हा लेख जरूर वाचावा, पण वाचून सुई उचलू नये. उदाहरण म्हणून एकच डुक्कर घेतो: लार्ज व्हाइट यॉर्कशायर संकर, वजन ४० किलो, बेंबीचा हर्निया, अंगाने ठणठणीत. गॅसचं भूलयंत्र नाही, शेडमध्येच टेबल मांडायचं आहे. गावात बहुतेक वेळा असंच असतं.

एकाच औषधाने का भागत नाही

केटामाइन हे भुलीचं औषध एकटं दिलं तर डुक्कर आडवं होतं, पण लाकडासारखं ताठ. लाळ गळते, पाय मारतं आणि उठताना गोंधळ घालतं. झायलाझिन एकटं दिलं तर ते पेंगतं, पण चिमटा लागला की उठून चालायला लागतं. मिडाझोलम स्नायू छान सैल करतं, उठणंही शांत करतं, वेदना मात्र अजिबात मारत नाही. ब्युटॉर्फनॉल वेदनेवर, विशेषतः पोटातल्या ओढाताणीच्या वेदनेवर, चालतं, पण झोप त्याच्या हातात नाही. म्हणून चौघांना एकत्र आणायचं. एकाची उणीव दुसरा भरतो, आणि प्रत्येकाचा डोस आटोक्यात राहिल्याने श्वास आणि हृदय यांच्यावरचा भारही कमी होतो.

गंमत म्हणजे केटामाइन आणि झायलाझिन दोन्ही १९६२ सालची. एक अमेरिकेत तयार झालं. दुसरं जर्मनीत बायरने माणसाच्या रक्तदाबासाठी शोधलं होतं, ते शेवटी आमच्याकडे आलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डुकराची भूल फसते तेव्हा दोष औषधाचा क्वचितच असतो. सुई चरबीत गेलेली असते, नाहीतर डॉक्टरने घाई केलेली असते. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

आदल्या रात्री

खाणं ८ ते १२ तास बंद, पाणी शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत चालू. दूध पिणाऱ्या पिल्लांना इतकं उपाशी ठेवू नका, त्यांची साखर पटकन उतरते. त्यांना तास-दोन तास पुरे.

"उपाशी ठेवा" एवढं सांगून भागत नाही. डुक्कर खाली अंथरलेला पेंढाही खातं. हॉटेलच्या खरकट्यावर पाळलेल्या डुकरांच्या शेडमध्ये कोपऱ्यात कायम काहीतरी पडलेलं असतं. त्यामुळे त्याला रिकाम्या, झाडून घेतलेल्या कप्प्यात एकटं ठेवायला सांगा. एकदा मालक शपथेवर म्हणाले, "अवो डॉक्टर, रातच्यापासनं कायबी दिल्यालं न्हाई." भूल चढली आणि तोंडातून भाकरीचे तुकडे बाहेर आले. घरातल्या धाकट्याला दया आली होती. तेव्हापासून मी घरातल्या पोरांना बोलावून त्यांनाच पहारेकरी नेमतो.

सकाळची वेळ घ्या. डुकराला घाम जवळपास येतच नाही, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात अकरा वाजता भूल देणं म्हणजे संकटाला बोलावणं.

वजन अंदाजाने नको

काटा असेल तर उत्तम. नसेल तर टेप काढा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, दोन्ही मीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले ६९.३ केलं की किलो मिळतात. आपल्या डुकराचा घेर ०.८० आणि लांबी ०.९० आहे: ०.६४ × ०.९० × ६९.३, म्हणजे ४० किलोला थोडं कमी. मालकाचा अंदाज बहुधा विक्रीच्या डोळ्याने केलेला असतो आणि तो जास्तच निघतो.

दीडशे-दोनशे किलोच्या माद्यांना किंवा नरांना प्रति किलो डोस कमी लागतो. तिथे चाळीस किलोचा हिशोब सरळ गुणून टाकू नका.

बाटल्या आणि हिशोब

बाटलीवरची ताकद दरवेळी वाचा. झायलाझिन २० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. असंही मिळतं आणि १०० मि.ग्रॅ. असंही. या एका चुकीने डोस पाचपट होतो. आपलं गणित असं:

झायलाझिन २ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे ८० मि.ग्रॅ. २० च्या बाटलीतून ४ मि.ली.
मिडाझोलम ०.२ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे ८ मि.ग्रॅ. ५ च्या बाटलीतून १.६ मि.ली.
ब्युटॉर्फनॉल ०.२ मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे ८ मि.ग्रॅ. २ च्या ॲम्प्युलमधून ४ मि.ली.
केटामाइन १० मि.ग्रॅ. प्रति किलो, म्हणजे ४०० मि.ग्रॅ. ५० च्या बाटलीतून ८ मि.ली.

एकूण साडेसतरा मि.ली.च्या पुढे गेलं. चाळीस किलोच्या जनावराच्या मानेत एका जागी पाचेक मि.ली.पेक्षा जास्त घालू नये, म्हणून हे वाटून द्यावं लागतं. परदेशातल्या पुस्तकांत एका छोट्या सिरिंजमध्ये सगळं मावतं, कारण त्यांच्या बाटल्या तीव्र असतात. तिकडे टिलेटामिन-झोलाझेपाम या भुलीच्या जोडऔषधाच्या ५०० मि.ग्रॅ. कोरड्या पावडरीत पाण्याऐवजी १०० ताकदीचं केटामाइन अडीच मि.ली. आणि १०० ताकदीचं झायलाझिन अडीच मि.ली. घालतात. या मिश्रणाचे ०.०४४ मि.ली. प्रति किलो दिले की झालं, म्हणजे आपल्या डुकराला पावणेदोन मि.ली. हाताशी असेल तर जरूर वापरा, पण उठायला वेळ लागतो हे धरून चला. अझापेरोन हे खास डुकरांचं गुंगीचं औषध, २ ते ४ मि.ग्रॅ. प्रति किलो. प्रजननाच्या नराला मात्र १ मि.ग्रॅ.च्या वर जायचं नाही, नाहीतर लिंग बाहेर येऊन इजा होते.

सिरिंजमध्ये काय कशात चालतं? झायलाझिन, केटामाइन, मिडाझोलम आणि ब्युटॉर्फनॉल एकत्र चालतात. डायझेपाम यात मिसळू नका. त्याचं द्रावण वेगळ्या प्रकारचं असतं, शिवाय ते स्नायूतून नीट शोषलं जात नाही. थायोपेंटोन हे भुलीचं औषध अल्कधर्मी, केटामाइनसोबत लगेच गढूळ होतं. ते फक्त शिरेतून द्यायचं, आणि शिरेबाहेर गेलं तर कानाचा तुकडा सडून पडतो.

ॲट्रोपिन ०.०२ ते ०.०४ मि.ग्रॅ. प्रति किलो. काही जण सरसकट देतात. मी ते सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून बाजूला ठेवतो आणि लाळ फार आली किंवा ठोके फार मंदावले तरच देतो. यावर मतभेद आहेत आणि राहू देत.

केटामाइन २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत, आहे. खरेदीची चिठ्ठी, साठा आणि वापर यांची वही नीट ठेवा. उरलेली बाटली गाडीच्या डिकीत पडून राहता कामा नये.

सुई कुठे

सगळं इथेच ठरतं. कानाच्या बुडामागे, मानेच्या वरच्या बाजूला, जिथे कानामागची मऊ बिनकेसांची कातडी संपून केसाळ कातडी सुरू होते, तिथे बोट ठेवा. सुई कातडीला काटकोनात. वाढत्या डुकराला १८ गेजची एक इंची सुई, मोठ्या मादीला दीड इंची. खाली किंवा मागे सरकलात की चरबीचा थर जाड होतो. चरबीला रक्तपुरवठा कमी, औषध तिथेच मुरत बसतं. मग दहा मिनिटांत डुक्कर पडत नाही, डॉक्टर दुसरा डोस देतो, आणि अर्ध्या तासाने दोन्ही डोस मिळून एकदम चढतात. मांडीत टोचू नका. तिथे मोठी मज्जातंतू आहे, आणि मांडीचं मांसच सर्वांत महाग जातं.

सुई आणि सिरिंज यांच्यामध्ये सलाइनची आखूड लवचीक नळी जोडली तर फार सोपं होतं. डुकराने उडी मारली तरी सुई जागेवर राहते. नाकाचा फास शक्यतो टाळा. फासातलं डुक्कर ज्या आवाजात ओरडतं त्याने अख्खी शेड बिथरते, आणि बिथरलेल्या डुकराला तोच डोस अर्धा लागू पडतो. मी कोपऱ्यात फळी लावून जागा आवळतो, मालकाला पाठ खाजवायला सांगतो आणि मग टोचतो. पोटाखाली खाजवलं की बरीच डुकरं स्वतःच आडवी होतात!

प्रत्येक जनावराला नवी सुई. २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग देशात आहे. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाताना बूट धुवा, कपडे बदला.

दोन टप्पे

पहिला टप्पा: मानेच्या एका बाजूला झायलाझिन आणि मिडाझोलम एकत्र, दुसऱ्या बाजूला ब्युटॉर्फनॉल. मग सगळ्यांनी बाहेर जायचं. दिवा बंद, मोबाइल बंद, गप्पा बंद. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं नव्या डॉक्टरला काढवत नाहीत. तो पाचव्या मिनिटाला आत डोकावतो, डुक्कर दचकून उठतं आणि केलेलं अर्धं काम वाया जातं.

दुसरा टप्पा: पेंगलेल्या डुकराला केटामाइन दोन जागी, चार-चार मि.ली. पाच-सात मिनिटांत ते पूर्ण सैल पडतं. आता साधारण २० ते ३० मिनिटं तुमच्या हातात आहेत.

लगेच कानाच्या शिरेत कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, घाला. कानाच्या बुडाला रबर बांधा, स्पिरिटच्या बोळ्याने चोळा. बाहेरच्या कडेने जाणारी शीर दोरीसारखी वर येते. २० किंवा २२ गेज पुरतो. कान लवचीक असल्यामुळे कॅन्युला निसटतो, त्यासाठी पट्टीची गुंडाळी कानाच्या आतल्या बाजूला ठेवून वरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. ही शीर हातात असली की घाबरायचं कारण निम्मं होतं.

याच वेळी वेदना आणि सूज उतरवणारं मेलॉक्सिकॅम ०.४ मि.ग्रॅ. प्रति किलो मानेत द्या. डोळ्यांत मलम घाला. केटामाइनमध्ये डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात.

चिरण्याआधी लिग्नोकेन

भूल चढलेली दिसली तरी कापायच्या रेषेत लिग्नोकेन, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं औषध, घालाच. त्याने केटामाइनची पुनरावृत्ती वाचते. कमाल ४ मि.ग्रॅ. प्रति किलो धरा. आपल्या डुकराला १६० मि.ग्रॅ., म्हणजे २ टक्क्यांचे ८ मि.ली. हर्नियाच्या गोल कडेभोवती तेवढं अपुरं वाटतं, म्हणून त्यात तितकंच सलाइन मिसळून १६ मि.ली. करा. खच्चीकरण असेल तर वृषणाच्या आत आणि कातडीखाली द्यायचं, एक-दोन मिनिटांत ते वृषणाच्या दोरीपर्यंत पोचतं.

पाठीवर झोपवल्यावर

बेंबीसाठी पाठीवर झोपवावं लागतं. पोटातली आतडी छातीवर दाबतात आणि श्वास उथळ होतो. दोन्ही कुशींना पोती लावून कुंड तयार करा, पुढचे पाय ताणून बांधू नका, मान सरळ ठेवा आणि तोंड थोडं खाली, म्हणजे लाळ बाहेर गळेल. जीभ बाहेर काढून ठेवा. ऑक्सिजनचा सिलिंडर मिळाला तर मास्कने द्या, फायदाच आहे. श्वासनळीत नळी घालायची असेल तर दुसऱ्या कुणाकडून आधी शिकून घ्या: डुकराचा घसा अरुंद, टाळू लांब, आणि स्वरयंत्र स्पर्शाने आवळून बसतं. धसमुसळेपणा केलात तर सूज येऊन श्वास जातो.

भूल किती खोल आहे हे डोळ्यांवरून ठरवू नका. केटामाइन तिथे फसवतं. खालचा जबडा दोन बोटांनी उघडा. सैल असेल तर ठीक, रबरासारखा परत मिटत असेल तर भूल उतरते आहे. खुरांच्या मधल्या कातडीला आर्टरी फोर्सेप्सने चिमटा घ्या. पाय आखडला तर थांबा.

दर पाच मिनिटांनी ठोके, श्वास आणि तापमान यांची नोंद. एका माणसाला एवढंच काम द्या, त्याला दोरे-कात्री काही देऊ नका. श्वास मिनिटाला आठच्या खाली आला तर हात थांबवून डुक्कर कुशीवर वळवा, जीभ ओढा, मास्कने हवा द्या, छाती तालात दाबा. पल्स ऑक्सिमीटरची क्लिप जिभेला नाहीतर शेपटीला बसते. पांढऱ्या डुकरात कानालाही चालते.

भूल हलकी झाली तर कानाच्या शिरेतून केटामाइन १ ते २ मि.ग्रॅ. प्रति किलो, हळू. आपल्या डुकराला ०.८ ते १.६ मि.ली. स्नायूत पुन्हा पूर्ण डोस नको.

तापमान दोन्हीकडे जाऊ शकतं, खाली किंवा वर. डुकराच्या अंगावर केस नसल्यासारखेच, ओल्या फरशीवर ते झपाट्याने गार पडतं आणि मग उठता उठत नाही. गोणपाट खाली, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या बाजूला. उलट अंग ताठ होऊन ताप ४१ च्या पुढे पळू लागला, कातडीवर लाल-निळे चट्टे आले, तर तो घातक ज्वर. पिएट्रेन आणि लँड्रेससारख्या जातींत आरवायआर-१ नावाच्या जनुकातल्या दोषामुळे तो येतो. हॅलोथेन आणि आयसोफ्लुरेन हे भुलीचे वायू आणि स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन हे त्याचे ठळक कारक. आपली टोचायची औषधं त्या मानाने सुरक्षित, पण नुसत्या धावपळीनेही तो पेटतो. त्यावरचं डॅन्ट्रोलिन गावात मिळणार नाही. बर्फ, गार पाणी, ऑक्सिजन, आणि शस्त्रक्रिया तिथेच बंद.

उठताना

कुशीवरून लवकरात लवकर छातीवर बसतं करा. एकट्या कप्प्यात, अंधारात, कोरड्या जागी. कळपात सोडलंत तर बाकीची डुकरं पेंगणाऱ्याला चावून फाडतात, हे मी पाहिलं आहे. पाण्याचं टाकं काढून घ्या: गुंगीतलं डुक्कर वीतभर पाण्यात तोंड घालून बुडतं. झायलाझिनचा उतारा, योहिंबिन किंवा अटिपामेझोल, असेल तरी केटामाइननंतर निदान चाळीस मिनिटं जाऊ द्या. आधी दिलात तर नुसतं केटामाइन अंगात राहतं आणि डुक्कर भिंतींवर आदळतं. नीट चालायला लागलं की पाणी, त्यानंतर थोडं पातळ खाणं.

मालकाला विक्रीची तारीख लिहून द्या. युरोपीय संघात लेबलबाहेर, म्हणजे मंजुरीपलीकडे, वापरलेल्या औषधांसाठी मांसाला किमान २८ दिवस थांबायचा सरसकट नियम २०२२ पर्यंत होता; मीही तेवढेच दिवस लिहितो, कानाच्या बिल्ल्याच्या नंबरासकट.

माझ्या वहीतलं अशाच एका डुकराचं पान उतरवून देतो. तुमची पानंही अशीच ठेवा:

६.५० टेपने वजन ४०. ताप ३८.९.
७.१० झायलाझिन ४ + मिडा १.६ मान डावी, ब्युटॉर्फ ४ उजवी.
७.२५ केटामाइन ४ + ४. कान पाडला, घोरतं.
७.३२ कॅन्युला उजवा कान, दुसऱ्या प्रयत्नात. मेलॉक्स.
७.३८ लिग्नो १६ पातळ.
७.४५ चीर. श्वास १४, ठोके ८४.
७.५८ जबडा घट्ट. केटा १ शिरेतून.
८.१२ शेवटचा टाका. ताप ३७.६, बाटल्या लावल्या.
८.५० छातीवर.
९.३५ उभं. भिंतीला टेकून.
१०.२० माझ्या बुटाची लेस खाल्ली.